दत्तकाचा खर्च आणि त्याची सोय : बारामती-इंदापूरच्या कुटुंबांसाठी

कायदेशीर मार्गाने मूल दत्तक घेण्याचा खर्च सरकारने ठरवून दिलेला आहे आणि बहुतेक कुटुंबे मनात धरतात त्यापेक्षा तो बराच कमी आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे भारतात राहणाऱ्या पालकांना तीन टप्प्यांत पैसे भरावे लागतात. समाजकार्यकर्ता घरी येऊन जो गृहअभ्यास अहवाल तयार करतो त्याचे ६,००० रुपये. मूल ज्या संस्थेत वाढले तिच्या बालसंगोपन निधीचे ५०,००० रुपये. २०१७ च्या नियमावलीत ही रक्कम ४०,००० होती. मूल घरी आल्यावर दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी एक अशा चार पाठपुरावा भेटी होतात, त्यांचे प्रत्येकी २,०००. सगळे मिळून ६४,००० रुपये.

ही रक्कम एकदम लागत नाही. नोंदणीनंतर फक्त गृहअभ्यासाचे पैसे द्यायचे असतात. मोठी रक्कम मूल हाती घेताना लागते आणि उरलेले ८,००० रुपये त्यानंतरच्या दोन वर्षांत विभागून जातात. शुल्काचा चालू तक्ता ‘कारा’च्या संकेतस्थळावर असतो. नोंदणीच्या दिवशी तो पाहावा आणि पैसे भरण्याआधी पुन्हा एकदा पाहावा. प्रत्येक रक्कम बँकेमार्फत भरावी आणि पावती जपून ठेवावी.

शुल्काखेरीज काही किरकोळ खर्च येतो: पती-पत्नीच्या वैद्यकीय तपासण्या, दाखले, प्रवास. मुलाची सुचवणी आल्यावर त्याला आपल्या विश्वासातल्या डॉक्टरकडून तपासून घेण्याचा हक्क पालकांना आहे. ते पैसे वाचवू नयेत. प्रवासाचा अंदाज मात्र आधी बांधता येत नाही, कारण मूल राज्यातल्या दुसऱ्या टोकाच्या किंवा परराज्यातल्या संस्थेतलेही असू शकते. दोघांचे जाणे-येणे, दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि तेवढे दिवस बुडणारी मजुरी धरून दहा-पंधरा हजार रुपये बाजूला असले की ओढाताण होत नाही.

वकिलाचा खर्च सहसा येत नाही. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयापुढची प्रलंबित प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करू नयेत असा अंतरिम आदेश झाला. आपले प्रकरण कुठे चालणार हे संस्थेला विचारून घ्यावे. आदेशासाठीचा अर्ज संस्थाच दाखल करते आणि आदेश येईपर्यंत मूल दत्तकपूर्व संगोपनात पालकांच्या घरीच असते.

जो खर्च कोणत्याही तक्त्यात नाही, तोच सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याचा. ‘दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो’ असे सांगणारी माणसे लाखांत पैसे मागतात. वर्षानुवर्षे वाट पाहून थकलेले जोडपे जमीन गहाण टाकूनही ते देते. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून अनाथ, टाकलेले किंवा सोपवलेले मूल देणे-घेणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री ठरली तर कलम ८१ लागते. त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. त्यात दवाखान्यातला माणूस गुंतलेला असेल तर त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे. पैसा जातो, गुन्हा दाखल होतो आणि ज्या बाळावर जीव जडलेला असतो ते बाल कल्याण समितीच्या ताब्यात जाते. तिसरे नुकसान कशानेही भरून येत नाही. अधिकृत संस्थेलाही तक्त्यापलीकडे देणगी किंवा भेट द्यायची नसते. कोणी मागितली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे तक्रार करता येते.

मूल दत्तक घेण्यासाठी थेट अनुदान देणारी सरकारी योजना महाराष्ट्रात नाही. प्राप्तिकरातही दत्तक शुल्काला वेगळी सवलत नाही, आणि संस्थेला भरलेले शुल्क ही देणगी नसल्याने देणगीची सूटही त्यावर मिळत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजना गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आहे, दत्तक मातेसाठी नाही. ही सूट, तो निधी असे कोणी सांगत असेल तर लेखी कागद मागावा. तरीही मदतीचे रस्ते आहेत. ते मुलाच्या वाटेने, नोकरीच्या वाटेने आणि वेळेच्या वाटेने येतात.

आधी वेळेचा विचार करावा. लहान, निरोगी बाळासाठी नोंदणी केलेल्या पालकांना आज तीन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. मनाला ती जड असते, पण पैशाच्या दृष्टीने ती सोय आहे. नोंदणीच्याच महिन्यात बँकेत ३६ महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडून दरमहा १,८०० रुपये टाकले, तर व्याज सोडून ६४,८०० रुपये जमतात आणि शुल्काचा प्रश्न मिटतो. मुलाची सुचवणी आली की ४८ तासांत ते राखून ठेवावे लागते आणि पुढची स्वीकृती ३० दिवसांत उरकायची असते. एवढ्या दिवसांत जमीन किंवा जनावर विकून पैसा उभा करू जाणाऱ्याला भाव पाडूनच विकावे लागते. हे खाते शक्यतो बँकेत असावे: बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही.

उसावर चालणाऱ्या घरात दरमहा रक्कम बाजूला काढणे जमत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो आणि तोवर हाती काही येत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी किंवा नीरा-भीमा यांपैकी ज्या कारखान्याला ऊस जातो, त्याच्या पहिल्या बिलातून ठरावीक रक्कम थेट मुदत ठेवीत टाकावी. दिवाळीच्या हप्त्यावर भिस्त ठेवू नये. तो दरवर्षी सारखा नसतो. गोठा असलेल्या घराला हे सोपे जाते, कारण दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि त्यातले सहाशे रुपये बाजूला काढले की महिन्याचे अठराशे होतात.

उत्पन्न पुरेसे आहे का, ही भीती अनेकांना नोंदणीच करू देत नाही. नियमावलीत किमान उत्पन्नाचा आकडा दिलेला नाही. पालक शारीरिक, मानसिक आणि भावनिक दृष्ट्या सक्षम असावेत, आर्थिक दृष्ट्या समर्थ असावेत आणि त्यांना जीवघेणा आजार नसावा, अशी अपेक्षा आहे. समाजकार्यकर्ता घरात टाईल्स आहेत का हे मोजायला येत नाही. कमाई नियमित आहे का, कर्ज किती आहे, आजारपण आले तर घर कशावर चालेल आणि मुलाला सांभाळायला कोण आहे, हे तो पाहतो. दोन एकर बागायत, चार म्हशी आणि वेळेवर फिटणारे सोसायटीचे कर्ज असलेले घर पगारदाराच्या घरापेक्षा कमी ठरत नाही.

अडचण येते ती कागदांची. पगारदाराकडे वेतनचिठ्ठी असते, शेतकऱ्याकडे नसते. त्याने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढावा. बारामती किंवा इंदापूर तहसील कार्यालयासाठीचा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो आणि त्याला तलाठ्याचा अहवाल जोडला जातो. सोबत सातबारा आणि आठ-अ, दोन-तीन हंगामांची ऊस बिले, दूध संस्थेचे खातेपुस्तक आणि बँकेचे उतारे ठेवावेत. एकाच वर्षाचा उतारा दाखवला तर आडसालीचे वर्ष रिकामे दिसते आणि उत्पन्न नसल्यासारखे भासते. म्हणून उतारे किमान तीन वर्षांचे हवेत. सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यातल्या किंवा उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबाने जोडधंद्याची आवकही खात्यावर यावी अशी व्यवस्था नोंदणीच्या आधीच करावी. रोखीचा व्यवहार खरा असला तरी अहवालात दिसत नाही.

कर्ज हा शेवटचा उपाय. दत्तकासाठी म्हणून वेगळे कर्ज सहसा मिळत नाही, वैयक्तिक कर्जच घ्यावे लागते. शिक्षक, कारखान्याचे कामगार आणि औद्योगिक वसाहतीतले नोकरदार यांना आपल्या सेवकांच्या पतसंस्थेचे कर्ज बहुधा सर्वांत स्वस्त पडते आणि हप्ता पगारातून कापला जात असल्याने चुकत नाही. सोनेतारणही चालते, पण फेडीची तारीख उसाच्या बिलाच्या आधी येणार नाही हे पाहूनच सोने ठेवावे. महिला बचत गटाचे अंतर्गत कर्ज हाताशी असते. त्याचा दर महिना दोन टक्के असेल तर वर्षाला तो २४ टक्के होतो, म्हणून ते प्रवासासारख्या छोट्या, दोन-तीन महिन्यांत फिटणाऱ्या गरजेपुरते ठेवावे. विकास सोसायटीचे पीककर्ज इकडे वळवू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलतीने ते जवळपास बिनव्याजी पडते; ते थकले की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. आणखी एक गोष्ट: गृहअभ्यासाच्या तोंडावर मोठे कर्ज काढले तर ते अहवालात येते.

नोकरी असलेल्या पालकांसाठी खरी आर्थिक मदत रजेच्या रूपाने येते. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असताना एक वर्षाच्या आतले मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते, पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांसाठीही विशेष दत्तक रजेची तरतूद आहे; ती मुलाच्या वयावर अवलंबून असल्याने आपल्या कार्यालयातून चालू शासन निर्णयाची प्रत मागावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनी ही चौकशी पंचायत समितीत करावी.

खासगी नोकरीत चित्र वेगळे आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक मातेला १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असण्याची अट घातली. ईएसआय लागू असलेल्या, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगार स्त्रियांच्या मातृत्व लाभातही हीच मर्यादा आली. ही अट व्यवहारात जवळपास सगळ्यांनाच बाहेर ठेवत होती. आईवडिलांनी मूल सोपवले तर त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस द्यावे लागतात. टाकलेले किंवा अनाथ मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर बाल कल्याण समितीला ते दोन महिन्यांच्या चौकशीनंतर दत्तकासाठी मुक्त जाहीर करता येते. त्यानंतर नोंद, सुचवणी, स्वीकृती. एवढ्यात तीन महिने उलटून जातात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले ते याच कारणाने. ज्या आईला बाळाला आपला वास ओळखीचा करून द्यायचा आहे, तिला बाळाच्या वयावरून रजा नाकारणे अन्यायाचे आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या स्त्रीने त्या वेळी लागू असलेला नियम आणि कंपनीचे स्वतःचे धोरण या दोन्हींची माहिती मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावी. काही मोठ्या कंपन्या कायद्यापेक्षा जास्त रजा देतात, काही दत्तक खर्चाची भरपाईही करतात. नोंदणी करतानाच विचारावे, म्हणजे तीन वर्षांच्या प्रतीक्षेत त्याचा हिशेब धरता येतो.

मूल घरी आल्यावर मदतीचे दरवाजे कागदांच्या क्रमाने उघडतात. दत्तक आदेश, त्यावरून पालकांच्या नावासह जन्मदाखला, मग आधार आणि शिधापत्रिकेत नाव. शिधापत्रिकेवर नाव आले की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा लाभ मुलालाही मिळू शकतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. नोकरीत गट आरोग्य विमा असेल तर मुलाचे नाव लगेच घालावे. अंगणवाडीत सहा वर्षांखालच्या मुलाला पोषण आहार आणि लसीकरणाची नोंद मिळते. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर टपाल कार्यालयात २५० रुपयांत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. लेक लाडकी योजनेबाबत बालविकास प्रकल्प कार्यालयात विचारून घ्यावे. ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांत १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलाचा विचार करणाऱ्या कुटुंबांना ही मदत नीट माहीत असायला हवी. या मुलांसाठी पालकांची रांग छोटी असते आणि अशी मुले संस्थांत वर्षानुवर्षे राहतात. नियमावलीप्रमाणे दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्यांचा विचारही याच मुलांसाठी किंवा ज्यांना सहज पालक मिळत नाहीत अशा मुलांसाठी होतो. त्यातली काही व्यंगे उपचाराने दूर होणारी असतात: हृदयातले छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा शस्त्रक्रिया मोफत होतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढावे लागते. उपचाराचा खर्च योजनेने भागला तरी पुण्याच्या फेऱ्या आणि रोजंदारी बुडते ती बुडतेच. बारामतीपासून पुणे शंभर किलोमीटर आहे, इंदापूरपासून आणखी लांब. ही भर महिन्याच्या हिशेबात आधीच धरावी.

गावोगाव दिसणारा प्रसंग मात्र निराळा असतो. भाऊ-वहिनी गेले, पुतण्या-पुतणी काका-काकूंकडे. किंवा मुलगी गेली आणि नातवंडे आजीकडे. अशा घरात ‘दत्तक घ्या म्हणजे मदत मिळेल’ असा सल्ला दिला जातो. तो उलटा आहे. मदत सांभाळाला आहे, दत्तकाला नाही. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते, इतरत्र ९६,०००. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. आईवडिलांचे मृत्यूदाखले, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि सांभाळणाऱ्याची कागदपत्रे जोडावी लागतात. मुलाला आपले नाव आणि वारसा द्यायचा हा निर्णय दत्तकाचा. तो पूर्ण विचाराने घ्यावा. मदतीच्या आशेने घेऊ नये.

नात्यात दत्तक घ्यायचेच ठरले तर दोन मार्ग आहेत. बाल न्याय कायद्याखाली काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून दत्तक घेता येते. मूल संस्थेत वाढलेले नसल्याने तिथे संस्थेच्या बालसंगोपन निधीचा प्रश्न येत नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तकविधान करून दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवता येते. त्यात मूल पंधरा वर्षांखालचे असावे लागते. खर्च मुद्रांक, नोंदणी आणि कागद लिहिणाऱ्याचा. दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला घेण्यास या कायद्याचे कलम १७ मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मूल देतो, रान नावावर करा’ हा घरातल्या घरात ठरलेला सौदाही यात अडकू शकतो.

तालुक्यातली कुटुंबे परदेशात गेली आहेत, त्यांचाही हिशेब थोडा सांगायला हवा. अनिवासी भारतीयांना प्राधान्यक्रमात देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरले जाते, पण परदेशी दत्तकासाठी बालसंगोपन निधी ५,००० डॉलर आहे आणि तिथल्या संस्थेचे शुल्क वेगळे. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथली दत्तक कर-सवलत मिळू शकते. २०२५ सालासाठी तिची कमाल मर्यादा १७,२८० डॉलर होती. भारतात राहणाऱ्यांना असे काही नाही, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाने सांगितलेली सवलत इथे शोधत बसू नये.

चौकशीला कुठे जावे? नोंदणी ‘कारा’च्या पोर्टलवर घरबसल्या होते, ती विनामध्यस्थ करावी. संगणकाची सवय नसेल तर सेवा केंद्रात करून घ्यावी, मात्र भ्रमणध्वनी क्रमांक आणि परवलीचा शब्द स्वतःचाच असावा, कारण सुचवणीचा संदेश त्याच क्रमांकावर येतो आणि ४८ तासांची मुदत तिथूनच सुरू होते. गृहअभ्यास, बालसंगोपन योजना आणि तक्रार यांसाठी पुण्यातला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाचा बाल संरक्षण कक्ष आहे. तालुक्यात पंचायत समितीतले बालविकास प्रकल्प अधिकारी योग्य ठिकाणी पाठवू शकतात. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारातले सोफोश या संस्थेचे ‘श्रीवत्स’ बालसंगोपन केंद्र आणि भारतीय समाज सेवा केंद्र यांचे दत्तकाचे काम जुने आहे. पंढरपूरचा नवरंगे बालकाश्रमही या पालखीमार्गावरच्या लोकांना परका नाही. प्रार्थना समाजाचे ते काम १८७५ पासूनचे आहे. मूल कोणत्या संस्थेतले मिळेल हे पोर्टल ठरवते, त्यामुळे एखाद्या संस्थेत ओळख काढून क्रम पुढे सरकत नाही. कोणी टाकलेले बाळ सापडले किंवा मुलाच्या विक्रीची कुणकुण लागली तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. सापडलेले बाळ घरी ठेवून घेतले तर चांगल्या मनाचे माणूसही गुन्ह्यात सापडते. बाळ समितीपुढे गेल्यावर ते ज्याला सापडले त्यालाही दत्तकासाठी नोंदणी करता येते, पण त्याचा क्रम इतरांप्रमाणेच लागतो.